पायाचे हाड, तोंडचा घास

वर्ष-सहा महिन्यांतून एकदा तरी वर्तमानपत्रात अशी बातमी येते की, अमुक रुग्णालयात पायाच्या हाडापासून जबडा तयार करण्यात आला. सोबत हिरवे झगे घातलेल्या डॉक्टरांचे छायाचित्र असते, शस्त्रक्रिया किती तास चालली तो आकडा असतो आणि बहुधा 'चमत्कार' हा शब्द असतो. वाचणारा थक्क होतो आणि पान उलटतो. रुग्ण मात्र त्या बातमीत फारसा नसतो. तो कुठून आला, किती दिवस थांबला, घरी गेल्यावर काय खाऊ लागला, कामावर परत गेला की नाही, यांपैकी काहीही आपल्याला कळत नाही. चमत्कार म्हटले की पुढची चौकशी करायची नसते, अशी आपल्याकडे रीतच आहे.

वास्तविक यात चमत्कार नाही, कारागिरी आहे. माणसाच्या गुडघ्याखाली दोन हाडे असतात. नडगीचे जाड हाड अंगाचा भार वाहते. त्याच्या बाहेरच्या अंगाला जे बारीक हाड असते, डॉक्टरांच्या भाषेत फिब्युला, त्याच्यावर भार फारच थोडा असतो. घोट्याकडचा आणि गुडघ्याकडचा काही भाग राखून मधला वीतभर तुकडा काढला, तरी माणूस पुन्हा चालू शकतो. हा तुकडा नुसताच तोंडात नेऊन बसवला, तर लाकडाच्या ढलपीसारखा निर्जीव राहील. म्हणून तो त्याची धमनी आणि शीर यांच्यासकट, हवे असेल तर वरच्या कातडीच्या पट्टीसकट काढायचा. जबडा वाकडा आणि हाड सरळ, म्हणून त्याला दोन-तीन ठिकाणी छेद देऊन कमान करायची, टिटॅनियमच्या पट्टीने ती जखडायची, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना शिवायच्या. धागा केसाहून बारीक. शिवण जमली आणि चिमटे सोडले की पायाच्या हाडात मानेचे रक्त खेळू लागते. हे हाड रक्तवाहिन्यांसह एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचा प्रयोग मेलबर्नच्या इयन टेलर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला, पण तो पायापुरता होता. त्याच हाडाचा खालचा जबडा करता येतो हे न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. आज जगभर मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ही नित्याची शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्यात जोडलेला भाग जगण्याचे प्रमाण शंभरात पंच्याण्णवच्या आसपास आहे.

या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे, आणि तो सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगवण्यापुरता नाही. टिपूच्या सैनिकांनी पकडून नाक कापलेल्या कावसजी नावाच्या एका गाडीवानाला पुण्याकडच्या एका वैद्याने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. ती हकिकत चित्रासह लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आली, आणि वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने तशी शस्त्रक्रिया लंडनला केली. कावसजीचे नाव इतिहासात राहिले. शस्त्रक्रिया करणारा वीटकऱ्यांच्या जातीचा होता, एवढेच त्या हकिकतीत नोंदले गेले. या अनाम कारागिराने कपाळाची कातडी पूर्ण तोडली नव्हती. भुवयांच्या मध्ये ती शरीराला जोडलेली ठेवली होती, कारण तिथूनच तिला रक्त मिळणार होते. पुढची पावणेदोनशे वर्षे जगभरच्या शल्यविशारदांना याच दाव्याने बांधून ठेवले. दावे जेवढे लांब तेवढीच गाईची चराई, तसे कपाळाचे कातडे नाकापर्यंत आणि छातीचे कातडे गळ्यापर्यंत.

ते दावे सोडवणाऱ्यांत मुंबईचेही नाव आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. १९६० मध्ये अमेरिकेत ज्युलियस जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवून दाखवल्या. त्यानंतर १९७१ मध्ये मुंबईच्या डॉ. नोशीर अंतिया आणि डॉ. बूच यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी'त एक लेख प्रसिद्ध केला. पोटावरची त्वचेखालची चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसह पूर्ण सोडवून, थेट चेहऱ्यावरच्या खड्ड्यात नेऊन, तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडल्याची ती हकिकत होती. या शास्त्राची कहाणी सहसा १९७३ च्या मेलबर्नच्या शस्त्रक्रियेपासून सांगतात. आपला माणूस दोन वर्षे आधी तिथे पोहोचला होता. अंतियांनी सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली विद्या घेतली, कुष्ठरोग्यांची बोटे आणि नाके दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे घालवली, जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. आणि मग हाच माणूस मुंबईसमोरच्या मांडव्याला जाऊन गावातल्या बायकांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देऊ लागला. अनेक सहकाऱ्यांना ते विक्षिप्तपणाचे वाटले असणार. मला या दोन कामांत अंतर्विरोध दिसत नाही. का, ते पुढे ओघाने येईल.

परळच्या टाटा रुग्णालयातून बाहेर पडून कर्जतकडची गाडी धरली की पन्नासएक किलोमीटरवर अंबरनाथ लागते. अंबरनाथ पश्चिमेचा बुवापाडा ही कारखान्यांच्या आधाराने वाढलेली कष्टकऱ्यांची वस्ती. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात अशा वस्त्या कितीतरी. तोंडाचा कर्करोग हा मुख्यतः अशा वस्त्यांचा आजार आहे. जागतिक कर्करोग नोंदणीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व मुखकर्करोगाचे वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजारांवर नवे रुग्ण होतात, आणि भारतीय पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा चारांहूनही कमी निघाले, आणि चघळणारे, मिश्री लावणारे, दाताखाली ठेवणारे शेकडा २४. हा फरक आपल्या राज्याबद्दल बरेच काही सांगतो. जिथे रसायने आहेत, दारूगोळा आहे, तिथे बिडी पेटवता येत नाही. यंत्र सोडून बाहेरही जाता येत नाही. मग चिमूटभर तंबाखू चुन्याबरोबर मळून गालफडात धरायची. तिने झोप उडते, भूक मरते, आणि पाळी निभते.

जबड्याचा आणि कारखान्याचा आणखी एक जुना संबंध आहे. विम्कोच्या काडेपेट्यांनी अंबरनाथचे नाव घराघरांत नेले. त्या कारखान्याच्या आधीच्या काळात जगभर काडेपेटीत पांढरा फॉस्फरस वापरत आणि तो हाताळणाऱ्या कामगारांचे जबड्याचे हाड कुजून जाई. बरीच वर्षे आरडाओरड झाली, १९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि हिंदुस्थानातही १९१३ मध्ये कायद्याने पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी आली. विम्को त्यानंतरची, १९२३ ची. म्हणून अंबरनाथच्या कामगारांचे जबडे त्या आजारातून वाचले. ते वाचवायला सूक्ष्मदर्शक लागला नव्हता.

तंबाखू आणि सुपारीच्या बाबतीत तसे झाले नाही. सुपारीने तोंड आखडत जाते, तीन बोटे आत जायची तिथे एक जाईना होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या विकाराचे वर्णन करून ठेवले आहे. महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी प्रथम २००२ मध्ये घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुन्हा जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली घातली. गुटखा पकडल्याच्या बातम्या तेव्हापासून आजतागायत येत आहेत, यावरून काय समजायचे ते समजावे. या आजाराने लहान-मोठा भेद केलेला नाही. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाची शस्त्रक्रिया झाली, त्यांनी त्याचे कारण जाहीर सभांतून सांगितले. आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच आजाराने गेले. भेद असतो तो किती लवकर कळले आणि कळल्यावर काय करता आले यात.

आता समजा बुवापाड्यातल्या एखाद्याच्या गालात गाठ आहे आणि ती खालच्या जबड्यात उतरली आहे. जबडा काढावा लागणार. पोकळी भरण्याचे दोन रस्ते आहेत. एक, छातीवरचा स्नायू कातडीसह उचलून गळ्याखालून वर आणायचा. ही पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेत स्टीफन एरियन यांनी रूढ केली. तासा-दीड तासाचे काम, सूक्ष्मदर्शक लागत नाही, सहसा दगा देत नाही. भारतातल्या हजारो लोकांना या छातीच्या तुकड्याने जगवले आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. पण त्यात हाड नसते. उरलेला जबडा एका बाजूला ओढला जातो, दात दातावर बसत नाहीत, मान आखडते, लाळ ओघळते. दुसरा रस्ता पायाच्या हाडाचा. आठ-दहा तास, दोन चमू, आणि नंतरचे दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा. रुग्ण म्हातारा असेल, पायाच्या धमन्या खराब असतील, तर पहिला रस्ताच योग्य. आणखी एक अडचण आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत किरणोपचार, ज्याला आपल्याकडे 'लाइट घेणे' म्हणतात, सुरू व्हावे लागतात. जोडलेला भाग फसला तर ते लांबतात आणि रोग परत उलटू शकतो. म्हणून सावध डॉक्टर छातीकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही. दोष तेव्हा आहे, जेव्हा शरीर आणि गाठ दोन्ही पायाच्या हाडाला अनुकूल असताना निवड थिएटरच्या वेळापत्रकाने होते.

गेल्या वीस वर्षांतली तांत्रिक प्रगती बहुतांशी हा वेळ वाचवण्यासाठी आहे. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून संगणकात त्याचा जबडा आणि पाय उभे करतात, कापाकापी आधी पडद्यावर करून पाहतात, आणि मग छपाईयंत्रावर प्लास्टिकचे साचे छापतात. साचा हाडावर बसवला की करवत कुठे आणि कोणत्या कोनात घालायची हे ठरून जाते. अंबरनाथच्या टूलरूममधल्या फिटरला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या भाषेत ही जिग आहे, रोज वापरतो तीच. पूर्वी डॉक्टर डोळ्यांच्या अंदाजाने जो कोन साधत, तो आता टेबलावर येण्याआधीच साधलेला असतो. शिरा जोडण्यासाठी टाक्यांऐवजी बारीक कड्या निघाल्या आहेत. हिरवट चमकणारे रंगद्रव्य शिरेतून सोडून रक्त कुठवर पोहोचले ते पाहता येते. काही रुग्णांत तर नवा जबडा आणि त्यावरचे दात एकाच बैठकीत बसवतात, न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये तशी हकिकत प्रसिद्ध केली. छापील साचे परदेशी कंपनीकडून मागवले तर महाग पडतात. रुग्णालयातच छपाईयंत्र ठेवले, जबड्याची प्रतिकृती छापून तिच्यावर पट्टी आधीच वाकवून घेतली, तर खर्च बराच खाली येतो, आणि आपल्याकडे काही ठिकाणी ते होतेही. टाके घालणारे यंत्रमानव हॉलंड आणि इटलीत तयार झाले आहेत. फ्रान्समध्ये २००५ साली दुसऱ्याच्या चेहऱ्याचा भाग बसवला, त्याचा फार गाजावाजा झाला. पण जन्मभर शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागणारा तो उपाय कर्करोग होऊन गेलेल्याला परवडणारा नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

आयुष्यभर बँकेत ताळेबंद पाहिलेल्या माणसाला या सगळ्यात एक गोष्ट खुपते. खर्च दोन प्रकारचा असतो, भांडवली आणि महसुली. सूक्ष्मदर्शक, छपाईयंत्र, नवी इमारत हा भांडवली. तो एकदा होतो, त्याचे उद्घाटन होते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. पण पायाचे हाड गालात जगते ते महसुली खर्चावर. जोडलेली शीर गोठली तर हाताशी थोडेच तास असतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस दर तासाला कोणीतरी त्या कातडीचा रंग पाहायचा असतो, बोटाने दाबून पाहायचे, गरज पडली तर सुई टोचून रक्त लालभडक येते की काळपट ते बघायचे. पहाटे तीनला रंग निळसर वाटला तर भूलतज्ज्ञ, शल्यविशारद आणि थिएटर तासाभरात सज्ज व्हावे लागते. म्हणजे या अतिप्रगत शस्त्रक्रियेचा कणा रात्रपाळीची परिचारिका आहे. एका परिचारिकेकडे वीस खाटा असतील तर दर तासाला पाहणे कागदावरच राहते. रात्रपाळीच्या पगारावर पाटी लावता येत नाही, त्यामुळे त्याला दाता मिळत नाही, आणि सरकारी भरतीचे काय होते ते आपण जाणतो.

रुग्णाच्या घरचा ताळेबंदही असाच दोन रकान्यांचा असतो. जुलै २०१२ मध्येच, ज्या महिन्यात गुटखाबंदी आली त्याच महिन्यात, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचा रायगड होता, ठाणे नव्हते. पुढच्या वर्षी ती राज्यभर पोहोचली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, २०२३ मध्ये ती सर्व कुटुंबांना लागू करून मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. हे काम मोठे आहे. सोनेतारण कर्जाच्या अर्जावर कारण म्हणून 'औषधपाणी' लिहिलेले मी इतक्या वेळा वाचले आहे की, अशा योजनेची किंमत मला कोणी सांगायला नको. पण योजना मुख्यतः घटनेचे पैसे देते, शस्त्रक्रिया ही तिच्या लेखी घटना आहे. त्यानंतरचे वर्षभर घटना नसते. महिना-दीड महिना रोज लाइट घ्यायला जाणे-येणे, सोबत कोणीतरी रजा टाकून. नळीतून पेज. मग वरणाचे पाणी. तोंड पुन्हा मिटू नये म्हणून काड्यांची जुडी दातांत धरून व्यायाम. बोलण्याचा सराव. किरणोपचारानंतर हाडाची भरून येण्याची ताकद कमी होते, म्हणून स्क्रूचे दात बसवायला सहसा बरेच महिने थांबावे लागते. तोवर कित्येक जण येणेच सोडतात. डॉक्टरांच्या नोंदीत जबडा उत्तम असतो. घरची बाई विचारते ते एवढेच, की भाकरी चावता येईल का.

इथे अंतियांचे मांडवा आठवते. टाटा रुग्णालयातल्या संशोधनांपैकी मला सर्वांत मोठे वाटते ते डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचे, जे २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. लहान गाठीच्या मुखकर्करोगात मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की त्या सुजेपर्यंत थांबावे, हा जगभरचा जुना वाद परळने निकालात काढला. आधीच काढल्या तर तीन वर्षांनी शंभरातले ८० जगतात, थांबले तर साडेसदुसष्ट. यात नवे यंत्र एकही नाही, फक्त वेळेची निवड आहे. आणि त्याहून आधीची वेळ म्हणजे पांढरा चट्टा दिसतो ती. तिशीवरच्या प्रत्येकाचे तोंड तपासावे असा केंद्राचा कार्यक्रम २०१६ मध्ये आखला गेला. त्याला बॅटरी लागते, आणि गल्लीत फिरणारी एक शिकलेली बाई लागते. तिचे मानधन हाही महसुली खर्चच. लहान गाठ वेळेत निघाली तर जबड्याला हातच लावावा लागत नाही, पाय शाबूत राहतो, आणि ते सूक्ष्मदर्शकाचे आठ तास ज्याची गाठ खरोखर उशिरा कळली त्याच्या वाट्याला येतात. अंतियांना एकीकडे रक्तवाहिनी शिवताना आणि दुसरीकडे आरोग्यसेविका घडवताना हेच दिसत असावे, असा माझा तर्क आहे.

कामगाराच्या पायाबद्दल मात्र एक गोष्ट राहते. फिब्युला काढलेला माणूस चालतो, हे खरे. पण अनेकांना घोट्यात कणकण राहते, पायाचा अंगठा ताठ होतो, आठ तास यंत्रापुढे उभे राहणे पूर्वीसारखे होत नाही. त्याचा जबडा भरून काढला, उभे राहण्याची किंमत त्याने द्यायची. ही देवघेव डॉक्टरांनी त्याला आधी सांगायला हवी, आणि तिची काही भरपाई समाजाने करायला हवी. कारखान्याच्या कामगारासाठी ती तरतूद आहेही. राज्य विमा योजनेत दीर्घ आजारासाठी वाढीव आजारभत्ता आहे, कर्करोग त्या यादीत येतो, आणि त्यात वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. उल्हासनगरला या योजनेचे रुग्णालय आहे. २०१७ मध्ये वेतनमर्यादा २१ हजार करण्यात आली, तेव्हा बुवापाड्यातले पुष्कळसे लोक तीत बसायला हरकत नव्हती. अट अशी, की सलग दोन वर्षे विमापात्र नोकरी हवी आणि त्या काळात ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कंत्राटदार बदलला आणि मधले काही महिने वर्गणी भरलीच गेली नाही, तर हा हक्क हातचा जातो. औद्योगिक वसाहतीत कंत्राटदार किती वेळा बदलतो, ते कोणत्याही गेटवरच्या वॉचमनला विचारावे.